शिक्का राजाचा, हुकूम कोणाचा?

"लढले कशासाठी गं हे लोक? जमिनीसाठीच ना?"

सामानगडावरच्या सात कमानी विहिरीच्या काठाला मामा बसले होते. मी अजून वही उघडत होते, तोवर त्यांनी हा प्रश्न टाकला. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. पाऊस नुकताच ओसरलेला, जांभ्याचा दगड अजून ओला. १३ ऑक्टोबर १८४४ रोजी हा गड इंग्रजांच्या फौजेनं घेतला. त्या तारखेच्या आसपास इथं यायचं, असं माझ्या मनात बरेच दिवस होतं. मी कॉलेजात इतिहास शिकवते. गडकऱ्यांच्या बंडावर काहीतरी नीट लिहावं, म्हणून मामांना सोबत घेतलं. मामांनी एकतीस वर्षं महसुलात काढली. तलाठी म्हणून लागले, मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. जमिनीच्या कागदाचं काही विचारायचं असेल, तर आमच्या घरात त्यांच्याइतका जाणकार कोणी नाही.

"जमिनीसाठीच असं कसं म्हणता?" मी म्हटलं. "इंग्रजांविरुद्ध लढले की. पहिला दरवाजा इथंच बंद झाला. मग भुदरगड, पन्हाळा, पावनगड, विशाळगड, रांगणा. खाली सावंतवाडीत मनोहरगड. सत्तावन्नच्या आधी तेरा वर्षं."

"ते मला माहीत आहे. मी विचारतोय, ठिणगी कशानं पडली?"

ते सांगायला मला थोडं मागे जावं लागलं. कोल्हापूरचे बुवासाहेब महाराज १८३८ मध्ये वारले. गादीवर आले शिवाजी महाराज, ज्यांना बाबासाहेब म्हणत. वय लहान. त्यामुळे कारभार आईसाहेब आणि दिवाणसाहेब या राजस्त्रियांच्या आणि कारभाऱ्यांच्या हाती गेला. त्यांच्यात जमेना. मग इंग्रजांनी आपल्या पसंतीचा कारभारी बसवला, दाजी कृष्ण पंडित. या दाजी पंडितानं राज्याची घडी बसवायला घेतली, आणि त्या घडीत गडकऱ्यांच्या जमिनी आल्या. गडाकडे लावून दिलेल्या जमिनींचा कारभार त्यानं मामलेदारांकडे सोपवला. १८४४ च्या पावसाळ्यात सामानगडच्या गडकऱ्यांनी ते मानायला नकार दिला आणि गडाचे दरवाजे लावून घेतले.

"थांब," मामा म्हणाले. "जमीन काढून घेतली काय?"

"नाही. कारभार बदलला."

"म्हणजे वसूल मामलेदारानं करायचा, हिशेब मामलेदाराच्या दप्तरात राहायचा. बरोबर? मग त्यात वाईट काय झालं? मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. एका परगण्यात चार ठिकाणी दप्तर असलं की रयतेचा जीव जातो बघ. गडकरी म्हणणार माझं दे, देशमुख म्हणणार माझा हक्क दे, मामलेदार म्हणणार सरकारचं दे. पावती एकाची, मार दुसऱ्याचा. तुम्ही इतिहासवाले दाजी पंडिताला खलनायक करून मोकळे होता. त्याच्या टेबलावर काय पडलं होतं, ते कोण बघतो?"

त्यांचं हे म्हणणं मी सहज उडवून लावू शकले नाही. आपल्याकडे या प्रसंगावर जे थोडंफार लिहिलं गेलं, त्यात दाजी पंडित म्हणजे इंग्रजांच्या हातचं बाहुलं आणि गडकरी म्हणजे स्वातंत्र्यवीर, अशी सरळ विभागणी असते. त्या काळी शेत कसणाऱ्या माणसाला या दोघांत निवड करायला सांगितली असती, तर तो काय बोलला असता? मामा आयुष्यभर त्याच माणसाच्या दारात उभे राहिलेले. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न त्याच्या बाजूनं येतो.

"शिवाय," त्यांनी पुढं चालवलं, "तुझे बुवासाहेब महाराज काय साधे होते काय? कागल कोणी बळकावलं? हिंदुराव घाटग्यांचं कागल. इचलकरंजीवर चढाई कोणी केली? स्वतःच्याच राज्यातल्या जहागिऱ्या लुटायच्या आणि मग इंग्रज आला की म्हणायचं, आमचं राज्य गेलं. घरात भांडण लावलं, म्हणून पंच आला."

"पंच आला आणि घरातच बसला," मी म्हणाले. "१८२६ ते १८२९ या तीन-चार वर्षांत कोल्हापूरशी एकामागून एक तह झाले. शेवटच्या तहात काय आहे, माहीत आहे? महाराजांनी ४०० स्वार आणि ८०० पायदळ यापेक्षा जास्त फौज ठेवायची नाही. चिकोडी आणि मनोळी इंग्रजांकडे गेली. आणि कारभारी नेमायचा अधिकारही इंग्रजांकडे. त्याच्या आधी, १८१२ च्या तहात, मालवण आणि सिंधुदुर्ग गेलाच होता. समुद्र पहिल्यांदा गेला, मग फौज गेली, मग कारभारी गेला. राहिले काय? गड."

मामा काही बोलले नाहीत. मी बोलत राहिले, कारण इथून पुढचं मला फार महत्त्वाचं वाटतं.

गडकरी म्हणजे गडावरचा पगारी पहारेकरी, असं समजलं तर हे बंड कळणार नाही. शिवछत्रपतींच्या काळापासून गडाची एक बांधणी होती. हवालदार, सबनीस, कारखानीस असे तीन वेगवेगळे अधिकारी, म्हणजे एकट्याच्या मनात आलं म्हणून गड शत्रूला देता येऊ नये. आणि गडाच्या घेऱ्यात, पायथ्याशी, घाटवाटांवर रामोशी, महार, मांग, बेरड, कोळी अशा समाजांच्या चौक्या. या सगळ्यांना गडाच्या भोवतालची जमीन तोडून दिलेली. बाप गेला की मुलगा पहाऱ्याला उभा. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात याच कोल्हापूर दरबारात रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं आणि त्यात दुर्गांसाठी स्वतंत्र प्रकरण दिलं. गड हा या राज्याचा कणा होता, आणि तो उभा ठेवला होता या जमिनींनी. गडकऱ्याचा गडावरचा पहारा आणि गडाखालचं शेत या त्याच्या दृष्टीनं दोन गोष्टी नव्हत्याच. शेत मामलेदाराच्या दप्तरात गेलं, की उद्या पहाराही दुसऱ्याकडे जाणार, हे त्याला लिहिता-वाचता येत नसलं तरी कळत होतं. आणि पुढे झालंही तसंच.

"म्हणून म्हणते," मी मामांना म्हटलं, "जमिनीसाठी लढले की राज्यासाठी, हा प्रश्न त्यांना विचारला असता तर तो त्यांना कळलाच नसता. जमीन होती म्हणून गड होता, गड होता म्हणून राज्य होतं."

"हे तू छान बोलतेस," मामा म्हणाले. "पण गडाला लाकूड कोण वाहायचं? पाणी कोण चढवायचं? गवत कोण कापायचं? वेठीला कोण धरलं जायचं? घेऱ्यातलीच माणसं ना? त्यांच्यासाठी गडकरी हाच राजा होता. त्यांना कुणी विचारलं, दरवाजा लावून घेऊ काय म्हणून?"

नाही विचारलं. वेठबिगार ही मराठी राज्याच्या कारभारातली खरी, जुनी आणि जड गोष्ट होती. तिच्यावर पांघरूण घालून गडकऱ्यांचा गौरव करायचा नाही, असं मी तिथंच ठरवलं. मी मामांना तसं सांगितलं. पण त्याच वेळी मी त्यांना एक गोष्ट दाखवली. या बंडाच्या केंद्रस्थानी मोठी नावं कुठली आहेत? कोल्हापूर राज्यात तेव्हा कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा अशा मोठ्या जहागिऱ्या होत्या. बंड मात्र त्यांच्या कोणाच्या नावानं ओळखलं जात नाही. ते ओळखलं जातं गडकऱ्यांच्या नावानं. स्वतःच्या रानात राबणारी आणि आलटून पालटून तटावर उभी राहणारी माणसं ती. ज्यांच्याकडे गमवायला फार होतं, ते सांभाळून राहिले. ज्यांच्याकडे एक पट्टी जमीन आणि एक बुरूज होता, ते लढले.

आम्ही विहिरीपासून उठून तटाच्या बाजूला गेलो. तट आता सलग नाही. जिथे आहे तिथे गवत वाढलं आहे.

"पण बंड कुणाविरुद्ध?" मामांनी पुन्हा धरलं. "इंग्रजांचं इथं राज्यच नव्हतं. राज्य महाराजांचं. मामलेदार महाराजांचा. हुकूमनामा महाराजांच्या शिक्क्यानं निघालेला. त्या शिक्क्याला नाही म्हणणारा माणूस राजद्रोहीच झाला की. त्यांनी आपल्याच राजाविरुद्ध दरवाजा लावला, असंच दप्तरात लिहिलं जाणार."

माझ्या मते संस्थानी मुलखातल्या इंग्रजविरोधाची खरी गाठ इथंच आहे, आणि मामांनी ती नकळत पकडली होती. पुणे, नाशिक, नगर, खानदेश इथं १८१८ नंतर कंपनीचं उघड राज्य होतं. तिथे भिल्ल, रामोशी उठले, तेव्हा शत्रू कोण हे स्पष्ट होतं. संस्थानात तसं नव्हतं. गादीवर छत्रपतींच्या वंशातला मुलगा, हुकमावर त्याचा शिक्का, आणि तो हुकूम ठरवणारा कारभारी मात्र इंग्रजांनी नेमलेला. गडकऱ्याला लढायचं तर त्याला आपल्याच धन्याच्या शिक्क्याला नाही म्हणावं लागत होतं. कंपनीच्या मुलखातल्या बंडखोरावर असली वेळ आली नव्हती.

त्यांनी काय केलं, ते बघा. कोल्हापूर शहरात शिबंदी बिघडली. दाजी पंडित कैदेत पडला. बाबाजी अहिरेकर नावाच्या माणसानं कारभार हातात घेतला. त्यांना हवं असतं, तर त्या गोंधळात गादीलाही हात लावता आला असता. तो त्यांनी लावला नाही. त्यांनी बदलला तो कारभारी. तहातलं जे कलम इंग्रजांनी आपल्या खिशात ठेवलं होतं, नेमकं तेच त्यांनी उलटवलं.

हे मी बोलत असताना मामांचा चेहरा बदलला. बराच वेळ ते खालच्या शेतांकडे बघत होते.

"एक गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "नोकरीतली. धरणाला जमिनी जात होत्या. चावडीवर नोटीस लावायचं काम माझं. कागदाच्या खाली सही कुणाची, ते सोड, पण वर-खाली एक ओळ असते बघ आपल्या सरकारी कागदावर. राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने. एक म्हातारा आला. तीन एकर जात होतं त्याचं. त्यानं मला ती ओळ वाचायला लावली. मग विचारलं, हा राज्यपाल कोण? तो मला ओळखतो काय? त्यानं माझं रान बघितलंय काय? मी म्हटलं, आबा, ही फक्त लिहायची पद्धत आहे. तो म्हणाला, मग ज्यानं ठरवलं, त्यानं स्वतःचं नाव का नाही लिहिलं?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार. उत्तर नव्हतं माझ्याकडे. नोटीस लावून आलो."

मी काही विचारलं नाही. पण तटावर उभं राहून मला वाटलं, की हा प्रश्न १८४४ सालचाच आहे. ज्यानं ठरवलं, त्यानं स्वतःचं नाव का लिहिलं नाही?

मामांना मी मग कर्नल ओव्हान्सची गोष्ट सांगितली. ती त्यांना माहीत नव्हती, आणि ती माहीत नसणं म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांचा दोष आहे, असं मी मानते. चार्ल्स ओव्हान्स हा साताऱ्याचा रेसिडेंट. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर कटाचे आरोप ठेवून, पुरावे जमवून त्यांना १८३९ मध्ये गादीवरून काढलं, तेव्हा ते पुरावे गोळा करण्यात हाच माणूस पुढे होता. महाराजांना काशीला नेऊन ठेवलं, तिथंच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या बाजूनं रंगो बापूजी विलायतेत वर्षानुवर्षं दाद मागत राहिले. आणि १८४४ मध्ये हाच ओव्हान्स दौऱ्यावर असताना गडकऱ्यांच्या हाती सापडला. त्यांनी त्याला पन्हाळ्यावर नेऊन कैदेत ठेवलं.

"कुणाच्या गडावर? पन्हाळ्यावर?" मामा थांबले. "म्हणजे एका छत्रपतीला गादीवरून काढणारा दुसऱ्या छत्रपतीच्या गडावर कैदेत."

"हो."

"आणि तो पकडणाऱ्यांना प्रतापसिंहाचं माहीत असेल?"

गडकऱ्यांच्या मनात नक्की काय होतं, ते मी सांगू शकत नाही, त्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं माझ्या हातात काही नाही. पण सातारा आणि कोल्हापूर या एकाच घराण्याच्या दोन गाद्या. एकीवर काय गुदरलं, हे दुसरीच्या मुलखात कळलं नसेल, असं मानणं मला कठीण जातं. साताऱ्याचं राज्य पुढे १८४८ मध्ये खालसाच झालं. म्हणजे गडकऱ्यांना जी भीती होती, ती पोकळ नव्हती.

मामा मात्र लगेच सावरले. महसुलातला माणूस एका गोष्टीनं पाघळत नाही. "एकाला कैद केलं, म्हणून राज्य येतं काय? त्यांच्याकडे पुढं काय करायचं हे होतं काय? मामलेदार नको, पंडित नको, रेसिडेंट नको. मग वसूल कोण करणार, फौज कोण ठेवणार, चोर-दरोडेखोर कोण बघणार? जुनं तसंच चालू द्या, एवढंच ना? जुन्यात वेठ होती, मी तुला आत्ताच सांगितलं."

हा आक्षेप खरा आहे. गडकऱ्यांनी नवं राज्य कसं चालवावं, याचा विचार केल्याचं दिसत नाही. ते बचावाच्या लढाईत होते आणि बचावात माणूस जे आहे ते धरून ठेवतो. पण ही उणीव दाखवताना मी एक गोष्ट मामांना विचारली, आणि वाचकांनाही विचारते. दाजी पंडिताची नवी घडी चांगली होती, असं धरून चालू. ती घडी कोल्हापूरच्या माणसांनी, कोल्हापूरसाठी, कोल्हापूरच्या दरबारात बसून घातली असती, तर हाच गडकरी चिडला असता, पण कदाचित बोलणीला बसला असता. ती घातली गेली दुसऱ्याच्या सोयीनं. गड मोडला तर कंपनीची डोकेदुखी कमी होत होती. चांगली सुधारणा कुणाच्या हातून आणि कुणासाठी होते, यावर ती टिकते की नाही हे ठरतं.

"हे मात्र पटलं," मामा म्हणाले. "आमच्या खात्यातही तेच. वरून आलेली चांगली योजनाही लोक घेत नाहीत, विचारलं नाही म्हणून."

मामी सावंतवाडीकडची. तिचं माहेर आंबोलीच्या पायथ्याला. म्हणून खाली कोकणात काय झालं, ते मामांना ऐकून माहीत होतं. फोंड सावंत तांबुळकर हे नाव तिच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं. वाडीचा कारभार इंग्रजांनी १८३८ मध्येच आपल्या हाती घेतला होता. तिथे बंडाला गेला तो थेट सरदार, फोंड सावंत, आणि त्याच्या जोडीला खुद्द खेम सावंतांचा वारस अण्णासाहेब. घाटावर गडकरी आणि घाटाखाली सरदार व युवराज, असे दोन थर एकाच वर्षी पेटले. घाटरस्ते आणि जंगल बंडवाल्यांच्या ओळखीचे. गोव्याची हद्द जवळ, तिथे पोर्तुगीजांचं राज्य, तिकडे निसटता यायचं. मनोहरगड जानेवारी १८४५ मध्ये पडला, तरी वाडीची धग त्यानंतरही विझली नाही.

"मामी म्हणते, आमच्याकडे राजाच बंडात होता, तुमच्याकडे राजा कागदावर होता," मामा म्हणाले. मला ते वाक्य फार मोलाचं वाटलं.

घाटावर शेवट लवकर झाला. जनरल डेलामॉटच्या फौजेनं ऑक्टोबरात सामानगड घेतला. राजकीय बाजू सांभाळायला कर्नल जेम्स औट्रम आला. हाच औट्रम पुढे लखनौला होता, आणि १८५६ मध्ये अवधचं राज्य खालसा करण्याचं काम त्याच्या हातून झालं. १ डिसेंबर १८४४ ला पन्हाळ्याच्या तटाला खिंडार पाडून इंग्रज आत घुसले. बाबाजी अहिरेकर तिथंच मारला गेला. पन्हाळा घेतल्यावर त्याची तटबंदी मोडून टाकली. पन्हाळ्याला जाणाऱ्या लोकांना तीन दरवाजा दाखवतात, पण चार दरवाजा आज नाही. तो या बंडानंतर पाडला गेला. विशाळगडाचंही तेच. तिथल्या पंतप्रतिनिधींची गादी पुढे मलकापूरला राहिली. पावनगड, भुदरगड, सामानगड, सगळ्यांचे तट फोडले. गडकऱ्यांची वंशपरंपरेची नेमणूक बंद झाली. कोल्हापुरात इंग्रज राजकीय अधिकारी कायमचा बसला. त्यातल्या ग्रॅहॅम नावाच्या अधिकाऱ्यानं १८५४ मध्ये या संस्थानाचा मोठा अहवाल छापला. या मुलखाचा अभ्यास करणारे आम्ही आजही त्याच्याच आकड्यांकडे जातो, हे मला नेहमी टोचतं. बंड करणाऱ्यांची बाजू आम्ही बंड मोडणाऱ्यांच्या दप्तरातून वाचतो.

मामा म्हणाले, "दप्तर ज्याचं, त्याचा शब्द उरतो. म्हणून तर तू बंड म्हणतेस."

"मग काय म्हणू?"

"ते मला माहीत नाही. तू शिकवतेस, तू ठरव. पण मी तुला एवढं सांगतो, मी अजूनही म्हणतो जमिनीसाठी लढले. फक्त आता ते कमीपणानं म्हणणार नाही."

मी त्यावर वाद घातला नाही. आमच्यातला फरक तिथंच राहिला. मी म्हणेन की राज्यासाठी लढले, ते म्हणतील जमिनीसाठी. आणि दोघंही एकाच तटाकडे बोट दाखवू.

उतरताना मी त्यांना सत्तावन्नचं सांगितलं, कारण ते या गोष्टीपासून वेगळं काढता येत नाही. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ वी पलटण उठली. डिसेंबरात शहराचे दरवाजे लावून घेऊन फिरंगोजी शिंदे आणि त्याच्या साथीदारांनी पुन्हा उठाव केला. कर्नल जेकबनं तो मोडला आणि तिथल्या तिथं ३६ जणांना मारलं. गादीवर तेव्हाही शिवाजी महाराज होते. बंडवाल्यांची नजर होती त्यांच्या धाकट्या भावावर, चिमासाहेबांवर. इंग्रजांनी चिमासाहेबांना कराचीला नेलं. १८६९ मध्ये तिथेच ते वारले, कोल्हापूरला परत आले नाहीत. १८५८ मध्ये नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी इंग्रज एजंट मॅन्सनला मारलं आणि जून महिन्यात बेळगावात ते फाशी गेले. दत्तकाचा हक्क नाकारला गेला, हे त्यांच्याही रागाचं एक मोठं कारण होतं. पुन्हा तोच प्रश्न. आपल्या घरात पुढं कोण बसणार, हे कोणी ठरवायचं?

गाडीपाशी आल्यावर मामांनी शेवटचा प्रश्न विचारला. त्यांच्या सगळ्या नोकरीचा तो प्रश्न होता.

"आणि खर्च? एवढी फौज, तोफा, दारूगोळा. बेळगावहून आणलं, घाटात चढवलं. ते पैसे कुणी भरले?"

"कोल्हापूर राज्यानं. बंड मोडण्याचा खर्च संस्थानाच्या अंगावर टाकला."

"म्हणजे जमाबंदीतून."

"हो."

"म्हणजे खालच्या ह्या रानांतून." त्यांनी हातानं गडाखालची शेतं दाखवली. भात पिवळं पडायला लागलं होतं. मग ते गाडीत बसले.

१८६२ च्या करारानं शिवाजी महाराजांना राज्याचा कारभार परत मिळाला. सामानगडच्या गडकऱ्यांना त्यांचा पहारा पुन्हा मिळाला नाही.